सरकार हवंच असणाऱ्यांचं काय करायचं?

पायवाट
मला राज्यसंस्था नको आहे. नियम नकोत असं नव्हे. दंडुक्याचा धाक नसतानाही बहुतेक माणसं एकमेकांशी बरी वागतात, हे मी पाहिलंय. ('अराजक' म्हटलं की लोकांना जाळपोळच दिसते, म्हणून तो शब्द टाळतो.)

अडलंय भलतीकडेच. आम्ही आठ जण एका घरात भाड्याने राहायचो. कामाच्या पाळ्या नाहीत, वर्गणी नाही, कोणी म्होरक्या नाही. दोन वर्षं मजेत गेली. मग नववा आला. त्याला भिंतीवर वेळापत्रक हवं होतं आणि महिन्याची वर्गणी. मी हटूनच बसलो. चार महिन्यांत आणखी तिघं त्याच्याकडे झुकले आणि एका रात्री त्यांनी वेळापत्रक चिकटवलं. सकाळी मी ते फाडलं. फाडता फाडता जाणवलं, या घरात दांडगाई करणारा एकटा मीच आहे.

तर, निम्म्या लोकांना सरकार हवंच असेल तर शासनमुक्त समाज त्यांना अडवणार कसा? आणि अडवलं, तर अडवणारा कोण झाला?

उंटावरचा शहाणा
अडवायचं कशाला? ज्यांना हवं त्यांनी पैसे भरून आपलं सरकार चालवावं, इतरांनी भरू नयेत. विषय संपला.

शेवटचा बाक
इतक्यात कसा संपेल? एकाच नदीवर तुम्ही खाली, ते वर. त्यांच्या सरकारने बांध घातला. तुम्ही त्यांचे सभासद नाही, मग दाद कुणाकडे मागणार? अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये हेच मांडलं होतं: संरक्षण विकणाऱ्या संस्था आपसात स्पर्धा करत राहतील, पण शेवटी एक वरचढ ठरेल, आणि कुणीही ठरवलेलं नसताना राज्य उभं राहील. मला ते पटतं. फक्त तिथवर पोचल्यावर तो समाधानी दिसतो, मी नाही.

जुनी वही
शहाण्यांची कल्पना आइसलंडमध्ये प्रत्यक्षात होती, म्हणून जरा लांबण लावतो. 930 च्या सुमारास अल्थिंग ही सभा सुरू झाली. राजा नाही, सैन्य नाही. कायदा तोंडपाठ म्हणून दाखवणारा एक 'कायदेवक्ता' तेवढा पगारी. शेतकऱ्याने कुठल्या सरदाराच्या मागे जायचं हे त्याचं तो ठरवी, पटलं नाही तर दुसरा धरी. खटला जिंकलात तरी निकालाची अंमलबजावणी तुमची तुम्हीच करायची! हे तीनशे वर्षं टिकलं.

मोडलं ते हळूहळू. तेराव्या शतकापर्यंत सरदारक्या मोजक्या घराण्यांच्या हाती गेल्या, त्यांच्यात रक्तपात माजला, आणि 1262 ते 1264 दरम्यान आइसलंडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मान्य केलं. राजाने दबाव आणला हे खरं, पण लोकही भांडणांना विटले होते.

दुपारची झोप
स्पेन विसरू नका. तिथल्या अराजकवादी कामगार संघटनेने जुलै 1936 मध्ये बार्सिलोना जवळपास ताब्यात घेतलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचेच चार जण माद्रिद सरकारात मंत्री! यादवी युद्ध होतं, मान्य. पण 'बहुतेकांना सरकार हवंय' म्हणताना आपल्यातलेही त्यात धरावे लागतात.

पायवाट
@जुनी वही, हेच वाचायचं होतं. पण सरदार इतके गब्बर झाले कशाने?

जुनी वही
कारणं बरीच आहेत, पण एक मोठं: 1097 च्या सुमारास आलेला 'दशमांश', म्हणजे चर्चसाठीचा कर. देवळं बहुधा सरदारांच्याच जमिनीवर, त्यामुळे त्यातला मोठा वाटा त्यांच्या घरात. आणि गंमत म्हणजे तो लादलेला नव्हता. एका लोकप्रिय बिशपच्या शब्दाखातर लोकांनी आपापली मालमत्ता शपथेवर मोजून दिली आणि सभेत कायदा केला.

पायवाट
म्हणजे वेळापत्रक त्यांनी स्वतःच चिकटवलं. मी तर तिथेही फाडायला गेलो असतो.

(आमच्याकडचं दुसऱ्यांदा लागलं तेव्हा मात्र मी हात लावला नाही. माझी पाळी गुरुवारी होती.)