माल्टची ओली पिशवी: हाताने उचलायची की कप्पीने?

गॅरेजवाला, मेलबर्न
गेल्या शनिवारी कंबरेत उसण भरली. आठवडाभर मुलीला कडेवर घेता आलं नाही, म्हणून हा धागा.

घरी बिअर करणारे आपल्यातले बरेच जण पिशवीची पद्धत वापरतात. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कापडी पिशवीत घालून ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, मग पिशवी वर काढून गोड पाणी, म्हणजे वर्ट, पातेल्यात निथळू द्यायचं. पद्धत इथलीच, ऑस्ट्रेलियातली. सामान कमी लागतं, खर्च कमी येतो. पण २० लिटरला साधारण ५ किलो माल्ट लागतं. किलोमागे जवळपास लिटरभर पाणी ते धरून ठेवतं, शिवाय उचलताना बरंच निथळायचं बाकी असतं. १२-१३ किलोचं वाफाळतं ओझं, तेही हात लांब करून छातीइतक्या उंचीवर धरायचं!

माझं मत: ५ किलोला कप्पी हवीच, दोर आपोआप अडकणारी. आणि पिळायचं नाही. चक्का बांधताना आपण दही पिळतो का? टांगून ठेवतो. अर्ध्या तासात धार थांबून थेंब उरतात.

ॲडलेडकर
कप्पी मान्य, पिळण्याचं अजिबात नाही. चक्क्यात आपल्याला फडक्यातलं हवं असतं, इथे खाली गळणारं पाणीच हवं आहे! पिळलं की बिअर तुरट होते हा जुना समज आहे. टरफलांचा तुरटपणा उतरतो तो पाणी ७७ अंशांच्या वर गेलं आणि पीएच ६ च्या आसपास पोचला तर. कोपरापर्यंतचे सिलिकॉनचे हातमोजे घाला, पंचा पिळतो तसा पिशवीला पीळ द्या. लिटरभर वर्ट जास्त मिळतं. ते चोथ्यात टाकून देणं मला बघवत नाही.

तळघर, न्यू जर्सी
कप्पी घ्या सांगताना ती कशात अडकवायची तेही सांगा. मी हुक छताच्या प्लास्टरबोर्डात बसवला होता, तुळईत नाही. पिशवी जेमतेम पाण्याबाहेर आली आणि हुक सुटला. वर्ट उसळून दोन्ही पावलांवर आलं, पायात सपाता होत्या. साखरेचं गरम पाणी कातडीला चिकटून राहतं, फोड महिनाभर होते. आता मी १० लिटरच करतो. अडीच किलो माल्ट, पिशवी हाताने उचलून पातेल्यावरच्या ओव्हनच्या जाळीवर ठेवायची. कप्पीही नको, दोरही नको.

पहिल्यांदाच करतोय
पातेल्याऐवजी नळाचा कूलर, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा डबा, घेऊन आत जाळी बसवली तर? पिशवी उचलायचीच नाही.

ॲडलेडकर
चालेल की. फक्त एक भांडं वाढतं, आणि माल्ट बारीक दळलं तर जाळी तुंबते. पिशवीत ती भीती कमी.

गॅरेजवाला, मेलबर्न
पिळण्याबद्दल माझं चुकलं, पुढच्या वेळी हातमोजे आणतो. पण १० लिटर पटत नाही. पाणी तापवणं, उकळणं, गार करणं, धुणं, सगळ्याला जवळपास तेवढाच वेळ जातो. दिवस घालवून निम्मीच बिअर? हुकाचं मात्र खरं. उद्या तुळई शोधून त्यात बसवतो, आधी २० लिटर पाण्याची बादली टांगून बघतो.

तळघर, न्यू जर्सी
बादली रात्रभर राहू द्या. आणि बिअरच्या दिवशी पायात बूट.