ऑक्सिजन रेग्युलेटरला ग्रीस कोणती, ओ-रिंग कशाच्या? (नागपूर, बजेट १५००)

मेडिकल_चौकवाला
राम राम मंडळी. पेशंटचे बेड, व्हीलचेअर भाड्यानं द्यायचं छोटं दुकान आहे. ऑक्सिजनचे ५ रेग्युलेटर अन् ६ फ्लोमीटर दुरुस्तीला आलेत. बुलनोजपाशी (सिलिंडरला लागते ते तोंड) फिस्स आवाज येऊन राहिला, ओ-रिंग कडक होऊन चिरल्यात. साधी ग्रीस चालत नाही एवढं माहीत आहे, गेजच्या डायलवरच 'यूज नो ऑइल' छापलंय. मग लावायचं काय? बजेट १५००, त्याच्यावरचं कोणी सांगू नका.

वाडीचा_गॅसकटर
भाऊ २० वर्षं झाले कटिंग करून राहिलो, सिलिकॉन ग्रीस लावतो, काही होत नाही. स्पेअरवाल्याकडे २०० ला डबी भेटते. अन् थ्रेडला टेफ्लॉन टेप मारायची मस्त.

माजी_फिटर
वरचं कोणी मानू नका बाप्पा. दाबातल्या ऑक्सिजनमध्ये सिलिकॉन ग्रीसही पेटते. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० किलोच्या आसपास प्रेशर असते, व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की रेग्युलेटरच्या तोंडाशी गॅस एकदम दाबली जाते अन् तिथल्या तिथं शेकडो डिग्री तापते, बाहेरची ठिणगी लागतच नाही. पीएफपीई ग्रीसच (फ्लोरीनवाली, ऑक्सिजनला चालणारी) पाहिजे. क्रायटॉक्स ब्रँडची २०५ माग, २२६ नको, त्यात गंज न लागायचं केमिकल घातलेलं असते. अन् बुलनोजला टेप काऊन? तिथं सील ओ-रिंग करते, टेपचे तुकडे आत जाऊन सीटवर बसतात.

वाडीचा_गॅसकटर
माझं कधी पेटलं नाही.

माजी_फिटर
वर्धा रोडवर बिनहेल्मेटवाले पण हेच म्हणतात.

संत्राबर्फी
आम्ही आईसाठी कॉन्सन्ट्रेटर घेतला, सिलिंडरची कटकटच संपली. तोच घ्या ना.

मेडिकल_चौकवाला
ताई, मला घ्यायचं नाही, दुरुस्त करायचं आहे 🙏 क्रायटॉक्सच्या छोट्या ट्यूबचे साडेतीन हजार सांगितले एकानं.

हिंगण्याचा_पोट्टा
तेवढे लागतेच. मी घेतली होती, अर्धी पडून आहे, घेऊन जा. फुकट नको, चहा पाज.
ग्रीसपेक्षा तेलाची भीती बाळग. मी आधी जिथं होतो तिथल्या पोरानं थ्रेड घट्ट जाते म्हणून व्हॅसलीन लावलं. चावी फिरवल्याबरोबर फट्ट, पांढरी ज्योत, अन् ॲल्युमिनिअमच्या बॉडीला रुपयाएवढं भोक, कडा मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या. पोराची एक भुवई गेली. मालक म्हणे सिलिंडरच खराब होता.

माजी_फिटर
ट्यूब कुठं ठेवली आहे तुझी?

हिंगण्याचा_पोट्टा
टूलबॉक्समध्ये. बेअरिंगच्या ग्रीसशेजारी.

माजी_फिटर
मग ती गेली कामातून. तोंडाला दुसरी ग्रीस लागली असंल तर २०५ लिहिलेलं वाचत बसायचं का? ऑक्सिजनचं सामान वेगळ्या डब्यात, वेगळे हातमोजे, वेगळा पाना.

इतवारीवाला
ओ-रिंगचं कोणी बोललंच नाही. नायट्रिल रबरची टाकू नका, व्हायटन रबरची घ्या. काळ्या रंगावर जाऊ नका, दोन्ही काळ्या भेटतात. सेम साइजची नायट्रिल अन् व्हायटन सोनाराच्या काट्यावर टाका, व्हायटन जवळपास दीडपट भरते. मला 'व्हायटन आहे साहेब' म्हणून दिलेल्या १० पैकी १० हलक्या निघाल्या. दुकानदार म्हणते काटा खराब.

वाडीचा_गॅसकटर
ओ-रिंग तोलायला सोनाराकडे जाणार राजा? 😂

माजी_फिटर
काट्याचं बरोबर आहे, पण वजन भरलं म्हणून ती ऑक्सिजनसाठी साफ केलेली आहे असं नाही होत. साच्यातून काढायला तेल मारतात ते वरच असते. कोमट पाणी अन् साबण, मग पूर्ण वाळवायचं. रॉकेल, पेट्रोल बिलकुल नाही. ग्रीस लावायचीच असंल तर ओ-रिंगला नुसती चमक आली पाहिजे, थर नाही.
अन् गॅस सिलिंडर रूल्स २०१६ मध्ये साफ लिहिलं आहे की व्हॉल्व्हला, फिटिंगला तेल लावायचं नाही. हे रूल राबवणाऱ्या पेसोचं (केंद्र सरकारचं स्फोटक सुरक्षा खातं) मुख्य ऑफिस आपल्याच सेमिनरी हिल्सला, अन् आपण इथं सिलिकॉन सिलिकॉन करून राहिलो.

संत्राबर्फी
म्हणजे कोणती ग्रीस फायनल झाली?

इतवारीवाला
व्हायटन.

संत्राबर्फी
ते रबर आहे ना?

मेडिकल_चौकवाला
सगळ्यांचे आभार. भोकाचं वाचून रात्री झोप नाही लागली. ग्रीस घेतच नाही. पाचही रेग्युलेटर मालकाला परत नेऊन दिले, म्हटलं कंपनीकडे पाठवा, हाय प्रेशरमध्ये मी हात घालणार नाही. तो चिडला, म्हणे मागच्या वेळी दुसऱ्यानं १०० रुपयात करून दिलं होतं. फ्लोमीटर ठेवले, ते पाइपलाइनच्या ४ किलोवर चालते, त्याची कंपनीचीच ओ-रिंग किट मागवली. ६ च्या किटा डिलिव्हरी धरून १३४०.

वाडीचा_गॅसकटर
१०० रुपयात करणारा मीच होतो बहुतेक.