मदत हवी आहे: ओव्हनची स्वयंसफाई चालू असताना लाईट गेली, आता दार उघडत नाही

मंडळी, चवथ पंधरा दिवसांवर आली आहे आणि माझा ओव्हन कुलूप लावून बसला आहे. या यंत्राच्या आतलं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया वेळ काढून वाचावं.

मी वेंगुर्ल्याला राहते, घरूनच बेकिंग करते. नानकटाई, काजूची बिस्किटं, सांगितला तर केक. चाकरमानी यायला लागले की वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरी याच दिवसांत येतात. ओव्हन उंच कपाटात बसवलेला, बिल्ट-इन, चार वर्षांचा, पायरोलिटिक सफाईचा. आतलं तापमान ४५० अंशांच्या वर नेऊन तो चिकटलेलं तूप-साखर जाळून टाकतो आणि गार झाल्यावर आपण राख पुसून घ्यायची.

गेल्या आठवड्यात घरात त्यातच बांगडे भाजले गेले. नानकटाईच्या तुपाला कुठलाही वास लगेच धरतो, म्हणून मंगळवारी दुपारी सफाई करायला घेतली. जाळ्या, ट्रे, बाजूच्या सरकत्या पट्ट्या बाहेर काढल्या, तळाचं तेल फडक्यानं टिपलं आणि अडीच तासांचा कार्यक्रम लावला. दार आपोआप लॉक झालं. तासाभरानं पावसाची जोराची सर आली आणि लाईट गेली, ती आली संध्याकाळी सातला. तोवर ओव्हन हाताला पूर्ण गार लागत होता. पण पडद्यावर कुलपाचं चिन्ह लुकलुकत होतं, शेजारी ‘एफ’नं सुरू होणारा कोड. दार ओढलं तर दोन्ही कोपरे किंचित हलतात, वरच्या बाजूला मधोमध मात्र कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं लागतं. सासूबाई म्हणाल्या, “दार मोडशीत गो, थांब जरा,” म्हणून हात आवरला.

सेवा केंद्राचा माणूस कोल्हापूरहून येणार, तोही दहा दिवसांनी. तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. मेन स्विच पाच मिनिटं बंद करून पाहिला, कोड परत तोच. दार न मोडता उघडता येईल का? आणि बिघाड नक्की कशात असेल?

प्रतिसाद, मालवणहून:
ताई, माझ्या बहिणीच्या ओव्हनचं असंच झालं होतं. वरच्या फटीतून गंज काढायचा स्प्रे मारून पातळ स्क्रू-ड्रायव्हर घातला तर हूक सरकतो.

प्रतिसाद, रत्नागिरीहून (घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो):
ताई, वरचं कृपया करू नका. ते स्प्रे पेट घेणारे असतात, आणि हा ओव्हन पुढे कधीतरी परत तापणारच आहे. सफाईवाल्या ओव्हनच्या दाराला तीन-चार काचा असतात. काच टफन केलेली असली तरी तिच्या कडेला लोखंडाचं टोक लागलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो. मग दारच नवीन घ्यावं लागेल.

आत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे शोधायला सोपं जाईल. दाराच्या वर, चौकटीच्या आत एक छोटी मोटर असते. ती कॅम म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती फिरवते, कॅम हूक पुढे-मागे करतो. हूक कुठे आहे हे बोर्डाला, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या सर्किटला, डोळ्यांनी दिसत नाही, ते त्याला मायक्रोस्विच, म्हणजे हुकानं दाबला जाणारा छोटा स्विच, सांगतो. काही मॉडेलमध्ये असे दोन स्विच असतात, एक ‘लागलं’ सांगणारा आणि दुसरा ‘सुटलं’ सांगणारा. ठरलेल्या वेळात स्विचकडून खबर आली नाही तर बोर्ड कोड दाखवतो आणि हात वर करतो. आत साधारण ३०० अंशांच्या खाली येईपर्यंत दार सोडायचं नाही, हेही त्याला शिकवलेलं असतं. तुमच्याकडे लाईट मधेच गेल्यामुळे दार लागलेलं आणि बोर्ड गोंधळलेला, अशी अवस्था आहे.

आता कान द्या. मेन पूर्ण पंधरा मिनिटं बंद ठेवा, पाच पुरत नाहीत. चालू केल्यावर आधी घड्याळ लावा, वेळ लावल्याशिवाय बरेच ओव्हन पुढचं काहीच करत नाहीत. मग मोटरचा घुर्र आवाज येतो का ते ऐका. आवाज येऊन थांबत असेल आणि तरी कोड येत असेल तर मोटर बरी आहे, संशय स्विचवर. आवाजच नसेल तर मोटर, वायर किंवा जास्त तापल्यावर तुटणारा थर्मल कटआउट. आणि ओव्हन गार असून पडदा गरम दाखवत असेल तर तापमानाचा सेन्सर. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी १००० असतो, शून्य अंशाला १००० ओहम आणि आपल्या घरातल्या हवेत ११०० च्या आसपास. मीटरवर काहीच येत नसेल तर तो तुटला.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. आवाज येतो. साधारण अर्धा मिनिट घुर्र होतं, मधे एकदा ‘टक्’ असं, मग कोड. पडद्यावर गरम असल्याची खूण नाही.

प्रतिसाद, रत्नागिरीहून:
मग नव्वद टक्के स्विच. त्या ‘टक्’च्या वेळी हूक सुटायचा प्रयत्न करतोय, पण गास्केटच्या, म्हणजे दाराभोवतीच्या सीलच्या, दाबानं दार बाहेर ढकललं जातं आणि हूक त्यावर अडकतो. परत सफाईचा कार्यक्रम लावा आणि एक मिनिटाच्या आत रद्द करा. रद्द केल्यावर मोटर सोडायच्या दिशेनं फिरेल. त्या वेळी तळहातानं दार वरच्या बाजूला मधोमध आत दाबून धरा. ओढू नका, दाबा. ‘टक्’ झालं की अलगद सोडून उघडा. दोन-तीन वेळा करावं लागेल. सफाई घेतच नसेल तर मेन चालू करताना दार तसंच दाबून धरा, बोर्ड जागा होताना मोटर एकदा फिरवून बघतो.

प्रतिसाद, देवगडहून:
ताई, यात एक अडचण ध्यानात घ्या. बिल्ट-इन ओव्हन कपाटाला धरून ठेवणारे स्क्रू चौकटीच्या कडेला असतात, ते दार उघडल्यावरच दिसतात. दार लागलेलं असताना ओव्हन पुढे काढता येत नाही. म्हणून दादांची युक्ती चालली नाही तर कपाटाची वरची फळी सुटते का पाहा. आमच्याकडे सुताराला बोलावून फळी काढली आणि वरून हूक सरकवला. एवढं करण्यापूर्वी प्लग काढा, नुसत्या स्विचवर विसंबू नका.

धागाकर्ती:
उघडलं! तिसऱ्या खेपेला. सफाई लावली, वीस सेकंदांत रद्द केली आणि दार दाबून धरलं. ‘टक्’ ऐकू आल्यावर हात सैल केला आणि दार आपसूक आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आतली सफाई मात्र अर्धवटच झाली आहे, तळाला तपकिरी पापुद्रे. दादा, स्विच मी स्वतः बदलू शकते का? आमच्या गल्लीत मोटरपंप दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद, रत्नागिरीहून:
काका असतील तर जरूर. प्लग काढा, कडेचे स्क्रू सोडा, दोघांनी मिळून ओव्हन बाहेर घ्या, वजन पस्तीस-चाळीस किलो भरतं. वरचं पत्र्याचं झाकण काढलं की पुढच्या बाजूला लॉक दिसेल. वायरी काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. मग स्विचच्या दोन टोकांना मीटर लावून बटण दाबा, बीप आला पाहिजे, म्हणजे आतून जोड होतोय.

माझा अंदाज, बीप येणार नाही. समुद्राकाठच्या घरांतले स्विच मी वर्षानुवर्षं बघतोय, खाऱ्या दमट हवेनं त्यांच्या पितळी टोकांवर हिरवट थर बसतो. नवीन घेताना स्विचच्या अंगावर छापलेलं नीट वाचा, १६ अँपिअर, २५० व्होल्ट आणि ‘टी १५०’. टी म्हणजे किती अंशांपर्यंत तो टिकेल. साधा टी ८५ बसवलात तर पुढच्या सफाईत वितळेल.

अजून एक. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं ते मोजा. २३० च्या जागी १९० येत असेल तर हीटरची ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. ओव्हन तापतच राहतो, वेळ संपते, सफाई अर्धवट राहते. नानकटाईही पांढरी राहत असेल.

धागाकर्ती:
चार दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व, ऑर्डरीत होते.

काकांनी ओव्हन उतरवला. अगदी तुम्ही म्हणालात तसंच, एका स्विचच्या टोकावर हिरवा थर, बीप नाही. दुसरा चांगला निघाला. वेंगुर्ल्यात टी १५० मिळाला नाही, कुडाळच्या दुकानातून दोन आणले. काकांनी वायरींची टोकंही घासून घट्ट केली. कोड गेला, दार दोनदा लावून-सोडून पाहिलं.

व्होल्टेज संध्याकाळी साडेसातला १९४ दाखवलं, पहाटे पाचला २२८. नानकटाई संध्याकाळी फिकी का राहते ते दोन वर्षांनी कळलं. आता पहिला ट्रे पहाटे लावते.

तळाचे पापुद्रे खायच्या सोड्याची पेस्ट रात्रभर लावून काढले. गास्केटला पाणी लागू दिलं नाही. मग रिकामा ओव्हन २२० वर अर्धा तास, खिडक्या उघड्या ठेवून. बांगड्याचा वास गेला. सासूबाईंना पहिली नानकटाई दिली, त्यांनी आधी हुंगून पाहिली आणि मग खाल्ली.

सफाईचा कार्यक्रम आता पाऊस उघडल्यावर, सकाळी. दुसरा नवीन स्विच डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवला आहे, चवथ झाली की काका तोही बदलणार आहेत.