क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि एसएफ-८६ अर्जात न लिहिलेले खाते

अर्जदार:
नमस्कार. मी अमेरिकी नागरिक आहे. संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदाराकडे मला मिळालेली नोकरी 'सीक्रेट' पातळीच्या सिक्युरिटी क्लिअरन्सवर, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या सरकारी परवानगीवर, अवलंबून आहे. मागची नोकरी गेल्यावर नऊ महिने घरखर्च क्रेडिट कार्डांवर भागवला आणि दोन खाती वसुली कंपन्यांकडे गेली. त्यातले एक मी त्या परवानगीसाठीच्या एसएफ-८६ या अर्जात लिहिले. दुसरे, खरे सांगायचे तर, लाजेपोटी लिहिले नाही. अजून मला कोणी काही विचारलेले नाही. अर्ज फेटाळला गेलाच, तर तो कर्जामुळे की या लपवण्यामुळे?

जुना जाणकार:
आधी कर्जाचे पाहू. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी २०१७ पासून लागू असलेल्या एसईएडी-४ या निर्देशात १३ निकष आहेत; त्यांतला 'एफ' आर्थिक बाबींचा आणि 'ई' वैयक्तिक वर्तनाचा. अमुक डॉलरच्या वर कर्ज असेल तर नकार, अशी मर्यादा 'एफ'मध्ये नाही. नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट अशी हाताबाहेरची कारणे तुमच्या बाजूने धरली जातात. मात्र त्या काळात तुम्ही जबाबदारीने वागलात, सावकारांशी बोललात, जमेल तेवढे फेडलात, हे कागदांवर दिसावे लागते. गंमत म्हणजे अचानक आलेली श्रीमंतीही याच निकषात संशयास्पद ठरते. सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स कर्जाला कंटाळून १९८५ मध्ये पैशांसाठी सोव्हिएतांचा हेर झाला, पुढे त्याने रोखीने घर घेतले, आणि तरीही त्याला अटक व्हायला १९९४ उजाडले.

दुसरी बाजू:
मला तुमच्या थकबाकीपेक्षा न लिहिलेल्या खात्याची काळजी वाटते. तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवला जाणारच आणि ते खाते त्यात बहुधा दिसेल. जाणूनबुजून माहिती दडवणे 'ई'खाली येते. परंतु वस्तुस्थिती समोर ठेवून कोणी जाब विचारण्यापूर्वीच अर्जदाराने तत्परतेने आणि प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, तर ती त्याच्या बाजूने मोजली जाते. ती सवलत आज तुमच्याकडे आहे; रिपोर्ट दाखवून प्रश्न विचारला गेला की राहणार नाही. खोटे निवेदन हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा संघीय गुन्हाही आहे, म्हणून आधी वकिलाला भेटा, मग कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा. 'विसरलो' असे मात्र लिहू नका. ते दुसरे खोटे होईल.

अर्जदार:
वकिलाची वेळ घेतली आहे. भावाकडून पैसे घेऊन दोन्ही खाती एकदम मिटवावीत का?

जुना जाणकार:
त्याने कर्ज फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल. दरमहा झेपेल एवढ्याच हप्त्याचा लेखी करार करा आणि प्रत्येक पावती जपा. क्लिअरन्स का नाकारला जाऊ शकतो याची कारणे सांगणारे सरकारी पत्र, म्हणजे आक्षेपांचे निवेदन, हाती पडल्यावर सुरू केलेल्या फेडीला फारसे वजन मिळत नाही, म्हणून हप्ते आत्ताच सुरू व्हायला हवेत. तसे निवेदन आलेच, तर कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला ते मिळाल्यापासून २० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी हवी असल्यास ती त्याच उत्तरात मागावी लागते.