पातळ लॅपटॉप: फिरतीवाल्याची सोय की नुसती ऐट?

उद्यमबागकर
आमची बेळगावात फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. शिरोलीला दर आठवड्याला, चाकणला पंधरा दिवसांनी, बेंगळुरू अधूनमधून. कास्टिंगची ड्रॉइंग्ज आणि तपासणीचे रिपोर्ट जवळ लागतातच. सहा वर्षं साडेपंधरा इंची धूड वाहिलं. एकदा कोल्हापूर स्टँडवरून परत आलो तेव्हा खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलेला. चिडून बॅग घरच्या काट्यावर टाकली: साडेपाच किलो! त्यातला लॅपटॉप २.४ आणि चार्जरची वीट ६०० ग्रॅम.

आता ॲपलचा एम२ चिपवाला मॅकबुक एअर घेतलाय, १.२४ किलो. त्याचा छोटा चार्जर मोबाइललाही चालतो. वजनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याला पंखाच नाही. जुन्याचा पंखा उघडला की आतून साच्याच्या वाळूतली कोळशाची काळी पूड निघायची, बोटं धुतली तरी जात नसे. इथे हवा ओढायला भोकच नाही, तर पूड शिरणार कुठून? माझं स्पष्ट मत: ज्याला फिरती आहे त्याने १.३ किलोच्या वरच्या मशीनला हात लावू नये.

खडेबाजारचा सोल्डरवाला
साहेब, पूड शिरत नाही हे मान्य. पण चार्जिंगच्या तोंडाशी काय आहे? मॅगसेफ, म्हणजे वायर चुंबकाने चिकटते. फाउंड्रीतला लोखंडाचा कीस नेमका तिथं जाऊन बसतो. माझ्या टेबलावर असा एक आला होता, तोंडाशी मिशा फुटल्यासारखा कीस. टाचणीने काढू गेलात तर तोंड खराब होईल.

दुसरं, पंखा नसला तरी उष्णता असतेच, ती अंगावाटे बाहेर पडते. मेल, एक्सेल ठीक. मोठं थ्रीडी मॉडेल तासभर फिरवत बसा, मशीन स्वतःच वेग उतरवतं.

आणि पातळपणाची खरी किंमत दुरुस्तीत कळते. रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डालाच डकवलेलं. आठ जीबी रॅम घेतलीत तर जन्मभर आठच. चिकोडीकडच्या एका गिऱ्हाइकाने चहा सांडला, सेवा केंद्राने पूर्ण बोर्ड बदलायचा आकडा सांगितला, नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. डेटा गेला तो वेगळाच.

लोंढ्याची लेक
दोघेही वजन आणि धूळ धरून बसलात. मी खानापूर तालुक्यात बँकांच्या शाखांचं ऑडिट करते. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. माझ्यासाठी पहिला प्रश्न बॅटरी किती वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते.

विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते, म्हणून मोठे लॅपटॉप ९९ वर येऊन थांबतात. उद्यमबागकर, तुमच्या एअरची ५२.६. माझ्या चौदा इंची 'एलजी ग्राम' लॅपटॉपची ७२, आणि वजन एक किलोच्या आत. शिवाय एचडीएमआय आणि जुन्या पेन ड्राइव्हचं तोंड अंगातच आहे. शाखेतला मॅनेजर पेन ड्राइव्ह पुढे करतो, तेव्हा मी पिशवीत डोंगल, म्हणजे जोडायचा अडॅप्टर, शोधत बसत नाही.

दोष लपवत नाही. झाकण एका कोपऱ्याने उचललं की लवतं. बसमध्ये डबा वर पडला तेव्हा काळजात धस्स झालं होतं. काही झालं नाही, पण तेव्हापासून डबा वेगळ्या पिशवीत.

उद्यमबागकर
ताई, पुण्याला मी हुबळी–पुणे वंदे भारतने जातो. २०२४ पासून ती बेळगावला थांबते, सीटपाशी सॉकेट. बॅटरीचा प्रश्नच येत नाही.

लोंढ्याची लेक
तुम्हाला वंदे भारत, आम्हाला जांबोटीची लाल बस. तिच्यात सॉकेट दाखवा की!

निपाणीचा नाना
मर्दांनो, लाखाची चर्चा कशाला? जुन्या बाजारात लेनोवोचा थिंकपॅड टी४८० लॅपटॉप बघा, २०१८ चा. बॅटऱ्या दोन, एक आत, एक मागं. मागची चालू मशीनमधनं काढून दुसरी लावायची, बंदसुद्धा करावं लागत नाही. रॅमला दोन खाचा. टाइप-सीवर चार्ज होतो. फक्त आठव्या पिढीचा आय५ घ्या, म्हंजे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. पावणेदोन किलोच्या आसपास वजन. आमच्याकडची म्हातारी माणसं तंबाखूची बोदं उचलायची, तुमाला पाचशे ग्रॅम जड होतंय?

उद्यमबागकर
नाना, बोदं उचलणाऱ्यांच्या पाठीचं पुढं काय झालं तेही सांगा की.

चुंबकाचं मात्र पटलं. काल मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं, आहे कीस. शॉप फ्लोअरवर आता टाइप-सीनेच चार्ज करणार. आठ जीबीचाच घेतलाय, तिथं चुकलो. पण २.४ किलोवर परत जाणार नाही. सोल्डरवाले म्हणतात बोर्ड महाग. खरं आहे. पण माझा जुना सहा वर्षांत तीनदा पंख्यासाठी उघडावा लागला, प्रत्येक वेळी दोन दिवस कागदावर काम.

लोंढ्याची लेक
डोंगल, हब, पॉवर बँक धरून बॅग परत काट्यावर ठेवलीत का?

उद्यमबागकर
ठेवली. ३ किलो ४००. पॉवर बँकच ४०० ग्रॅम आहे, तेवढी वजा करून वाचा.

खडेबाजारचा सोल्डरवाला
वजा कशाला? खांद्यावर असतेच ना? गुरुवारी मशीन घेऊन या, तोंड साफ करून देतो. टाचणी लावू नका.