अनुभव धागा: घरचा ब्रेड परवडतो का? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

टिळकवाडीकरीण
आमच्याकडे दर रविवारी हाच वाद. ह्यांच्या मते माझी ओव्हनची हौस महागात पडते, माझ्या मते स्वस्तात. हिशेब मांडते. 400 ग्रॅमच्या लादीला साधारण 270 ग्रॅम मैदा, सुटा 44 रुपये किलो, म्हणजे 12 रुपये. यीस्ट, साखर, मीठ, तेल, थोडं दूध मिळून 8. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, तापवण्यापासून लादी बाहेर काढेपर्यंत पाऊण ते एक युनिट, 6 रुपये धरा. झाले 26. तेवढाच पांढरा ब्रेड दुकानात 45 ला. ओव्हन 6 हजारांचा आहे, पण तो केकसाठी आणला होता, म्हणून धरला नाही.
पाककृती नकोत, त्या ढिगाने आहेत. खर्च किती, वेळ किती आणि केलेला ब्रेड घरात खपतो का, ते लिहा.

खानापूरवाला
ओव्हन धरला नाही? वा! 6 हजार भागिले लादीमागचे वाचलेले 20, म्हणजे 300 लाद्या. आठवड्याला एक केली तर जवळजवळ सहा वर्षं. तोवर कॉइल टिकली पाहिजे.
आमच्यात पावसाळ्यात विजेचा नेम नाही, कणकुंबीकडे तर विचारूच नका. लादी निम्मी भाजलेली असताना वीज गेली की मधोमध बसते, मग काही केल्या उठत नाही. म्हणून आमची ही कुकरमध्ये करते. तळाला मिठाचा थर, वर जाळी, शिट्टी आणि रबर काढलेलं, मंद आचेवर पाऊण तास. गॅस चार-पाच रुपयांचा. वरची बाजू पांढरीफट राहते, ती तव्यावर पालथी घालून लाल करायची. फोटोत दिसायला काही खास नाही, पण चहात बुडवला की तुटून पडत नाही, हे महत्त्वाचं.

निपाणी
ब्रेड म्हणजे आमच्या घरात तापाचं खाणं. ताप उतरला की भाकरी. वर्षाला दोन पुडे आणतो, त्यासाठी ओव्हन कोण घेतंय!

अनगोळचा हिशेबनीस
विजेचे 6 रुपये सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, 2022-23 च्या सरासरी वापरात थोडी वाढ मिळवून प्रत्येक घराची मर्यादा ठरली आहे. त्या मर्यादेच्या आत राहिलात तर बिल शून्य, म्हणजे भाजणं फुकट. मर्यादा ओलांडली पण महिन्याला 200 युनिटांच्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की मात्र सगळं बिल तुमचं.
आता एप्रिल-मे धरा. दोन पंखे रात्रभर, फ्रिज, कूलर. मीटर 198 वर आणि महिनाअखेरीला कुणाला तरी ब्रेडची हुक्की येते. तीन लाद्या भाजल्या की 201. त्या तीन लाद्या बाराशेच्या वर जातात! आमच्याकडे उन्हाळ्यात मीटर वाचायला येण्याआधीच्या आठवड्यात ओव्हनला हात लावायचा नाही, असा ठराव आहे. आई म्हणते, एवढा जीव पोरांच्या अभ्यासावर लावला असतास तर.

भट्टीवाला, कॅम्प
आमचं पण ऐका की जरा. मैद्याच्या 50 किलोच्या पोत्यात 400 ग्रॅमच्या 180 च्या आसपास लाद्या निघतात. मैदा आम्हाला तुमच्यापेक्षा फार स्वस्त मिळतोय असं नाही. आमचा पैसा पिठात कमी आणि पुढच्या कामात जास्त जातोय. कामगार, कापायचं मशीन, पिशवी, गाडीचं डिझेल, दुकानदाराचं कमिशन. आणि सगळ्यात वाईट ते रिटर्न. न खपलेला माल दुकानदार परत देतोय, तो म्हशीवाले घेऊन जातात. तुमच्या 45 रुपयांत दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात पडून राहिलेल्या लादीचे पैसे पण हायत. घरी तुम्हाला रिटर्न नाही, म्हणून 26 दिसतंय.
एक सांगतो. ब्रेडवर जीएसटी नाही, टोस्टवर 5 टक्के आहे. तेव्हा उरलेल्या ब्रेडचा टोस्ट घरीच करा, त्यात खरंच वाचतंय. पण पावाच्या नादाला लागू नका. एका वेळी चार लाद्या पाव भाजायचे म्हणजे तुमच्या ओव्हनला अख्खी दुपार जाते, आमच्या भट्टीत शंभर निघतात.

टिळकवाडीकरीण
पण दुकानातल्या ब्रेडमध्ये काय काय घालतात, त्याचं काय?

भट्टीवाला, कॅम्प
ताई, पोटॅशियम ब्रोमेट, ब्रेड चांगला फुगावा म्हणून घालायचे ते रसायन, 2016 पासून बंद आहे. बाकीचं पिशवीवर लिहिलेलं असतंय, वाचून घ्या. सुट्या पावावर काही लिहिलेलं नसतंय, तिथं आमच्यासारख्या ओळखीच्याला विचारायचं.

शहापूरची सून
माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. तिकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, घरी ब्रेड करायचं कुणाच्या मनातही येत नाही. इथे आल्यावर पोईची, म्हणजे तिकडच्या गोल पावाची, आठवण यायची. कोंडा लावलेली, आतून पोकळ, भाजी भरायला केलेली. इथल्या बेकरीत ती मला मिळाली नाही. चोर्ला घाटातून गोव्याहून येणाऱ्याला सांगून मागवली तर इथवर येईपर्यंत चामडं होतं. म्हणून मी पोईच करते, कणीक आणि मैदा निम्मा-निम्मा. पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, पीठ फुगवायचे, मी यीस्टवरच भागवते. सहा पोया 30 रुपयांत. स्वस्त की महाग हे ठरवायला दुकानातला भावच नाही.

चिकोडी, खपलीवाले
'पौष्टिक' लिहिलेला ब्रेड 80-90 ला विकतात, पिशवी उलटी करून बघा, पहिलं नाव बऱ्याचदा मैद्याचं. आमच्या शेतात खपली गहू होतो. खपलीचा ब्रेड फुगत नाही, कारण तिचा चिकटपणा लेचापेचा, लांबवर ताणला की पीठ तुटतं. म्हणून एक वाटी खपलीला दोन वाट्या मैदा. मुलगी पुण्याहून आली की तिच्यासाठी दोन लाद्या होतात. खपली विकली असती तर जास्त पैसे आले असते, हे मलाही कळतं. बाकी सगळी हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला.

वेळेचं काय?
कुणी वेळ धरलेला दिसत नाही! मळायला वीस मिनिटं, मग फुगेपर्यंत घरातच अडकून पडायचं. थंडीत बेळगावला दुप्पट वेळ. मी शाळेत शिकवते, मला दुकानच परवडतं.

वडगाव
वरच्या हिशेबातल्या 8 रुपयांत यीस्टचे दोन रुपये धरले असतील, तर ते मोठी पुडी घेतली तरच. छोट्या डबीत चौपट पडतं. अर्धा किलोची पुडी एका घरात संपत नाही, म्हणून आम्ही चौघीजणी वाटून घेतो आणि घट्ट डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतो. यंदा एक वाटा शिल्लक आहे. वडगाव-शहापूरमध्ये कुणाला हवा असेल तर सांगा, डबी मात्र आपली आणा.