वर्तकनगरचा एकच वडापाववाला, चार असाइनमेंटमध्ये

शाईपेन
ठाण्यातल्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन अर्थशास्त्र शिकवते. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) झाल्यावर सांगितलं, आपल्या परिसरातलं एक उदाहरण लिहा. एकाने झकास लिहिलं: ‘माझ्या घराशेजारी वर्तकनगरला वडापाव 15 चा 20 झाला, तरी गिऱ्हाईक हटलं नाही.’ पुढच्या तीन पीडीएफ उघडल्या. तिन्हीत ‘माझ्या घराशेजारी वर्तकनगरला’. त्यातली एक मुलगी कोपरखैरण्याची! क्लासात विचारलं, अगं, तुझं घर वर्तकनगरला कधी आलं? माईक दोन सेकंद चालू झाला, कुकरची शिट्टी ऐकू आली, परत बंद. मग चॅटमध्ये ‘मॅम नेटवर्क’.
42 जण हजर, कॅमेरा एकाचाही चालू नाही. माझं मत: कॅमेरा सक्तीचा करावा आणि सारख्या असाइनमेंटला सरळ शून्य. चौघांनाही.

नेरूळचे बाबा
शंभर टक्के सहमत. 2020 च्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घरूनच झाल्या, पर्याय निवडायच्या. माझा थोरला त्या बॅचचा. अभ्यास करून पास झाला, तरी इंटरव्ह्यूला ‘अच्छा, कोविड बॅच’ म्हणून हसले. कॉपी चार जण करतात, शिक्का सगळ्यांच्या कपाळी.

कळवा स्लो
मॅडम, मी तुमच्या वर्गातली नाही, पण अशाच एका वर्गातली. कळव्याला एका खोलीत पाच माणसं. कॅमेरा लावला की मागे दोरीवरचे कपडे, आजीची खाट आणि बनियनवरचा भाऊ. हे सगळ्या वर्गाला का दाखवू? महापेहून साडेसहाला सुटते. अर्धं लेक्चर कोपरखैरणे ते ठाणे, ट्रेनमध्ये उभ्याने, एका कानात हेडफोन. तिथे कॅमेरा लावला तर पुढच्या बाईचा अंबाडा दिसेल.
आणि कॅमेऱ्याने कॉपी पकडणार कशी? असाइनमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री बाराला फिरते, तेव्हा क्लास कधीच संपलेला असतो.

नेरूळचे बाबा
ताई, अडचणी कुणाला नसतात? वर्तकनगर खोडून कोपरखैरणे लिहायला किती वेळ लागतो?

कळवा स्लो
म्हणजे कॉपी नीट केली असती तर चाललं असतं? 😀

ऐरोलीचा मास्तर
चौघांनाही शून्य कशाला? पहिल्याने फाइल दिली ही त्याची चूक, मान्य. पण तो वडापाववाला त्याने स्वतः पाहिला होता.
आता कुणीतरी यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम काढेल, म्हणून आधीच सांगतो. 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, 60 च्या वर नोंदणी रद्द, हे टप्पे प्रबंधांसाठी आहेत, दोन पानी असाइनमेंटसाठी नाहीत. त्यातली सुधारून देण्याची सोय मात्र उचलावी.
मी तोंडी घेतो. प्रत्येकी तीन मिनिटं. ‘वडापाव 20 चा 40 केला तर?’ ज्याने लिहिलंय तो लगेच बोलायला लागतो, शेजारच्या समोसेवाल्यासकट. चॅटजीपीटीकडून आणलेलंही तिथेच उघडं पडतं. 42 जणांचे दोन तास जातात आणि त्याचे जादा पैसे कुणी देत नाही, म्हणून मॅडमचा वैताग मला कळतो.

शाईपेन
सगळ्या पीडीएफ वाचायला मला यापेक्षा जास्त वेळ लागला, हे आत्ता मोजलं. उतरवणाऱ्या तिघांचं शून्य कायम, पण नवं उदाहरण स्वतः लिहून आणलं तर तपासेन. वर्तकनगरवाल्याचे निम्मे मार्क कापणार, त्यात सूट नाही. रोजच्या कॅमेऱ्याचा हट्ट सोडते. तोंडीला मात्र चेहरा दिसलाच पाहिजे, नाहीतर भलताच कुणी बोलायचा.

कळवा स्लो
तीन मिनिटांसाठी आजीची खाट सरकवता येते, मॅडम. फक्त तोंडी आठनंतर ठेवा, त्याआधी निम्मा वर्ग ट्रेनमध्ये असतो.